कुसानं वळणावरचा देव उचलला

आमच्या वळणावर देव बसवला तो कुसानंच, आणि उचलला तोही तिनंच. मधली चार वर्षं मी भिंतीला भिंत लावून शेजारी होते, म्हणून लिहिते. वाडीत अजून दोन तट आहेत. अर्धे म्हणतात कुसाबाईनं पाप केलं, अर्धे म्हणतात बरं केलं, आणि दोन्हीकडचे लोक तिच्याकडं येऊन चहा पिऊन जातात.

वाडी म्हणजे नाशिकरोडहून एकलहऱ्याच्या बाजूला जाताना रस्त्याला चिकटलेली तीसेक घरं. रस्ता लांबून सरळ येतो आणि आमच्यापाशी बाभळींच्या मागं एकदम मुरडतो, नव्या सुनेनं सासऱ्याला पाहून आत वळावं तसा. वीजकेंद्राच्या राखेचे टँकर, कांद्याच्या पिकअप, कॉलेजच्या पोरापोरींच्या गाड्या, सगळं त्या वळणावरून जातं. पलीकडून कोण येतंय ते शेवटपर्यंत दिसत नाही.

कुसाचा नवरा केरूभाऊ विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायचा. माणूस सरळ, पण तोंडात पहिला शब्द 'नाही'. चहा घेता का म्हटलं तरी आधी नाही म्हणायचा आणि मग दोन कप प्यायचा. एका दिवेलागणीला सायकलवरून घरी येत होता, वळणावर पिकअपनं उडवलं. जागच्या जागी गेला. पिकअपवाला घाबरून उसात पळाला तो दुसऱ्या दिवशी सापडला. वीस-बावीस वर्षांचं पोर होतं. कुसानं त्याच्याकडं एकदा पाहिलं आणि म्हणाली, "याला तरी काय दिसलं असंल."

तेराव्यानंतर ती नदीवर गेली, गुडघ्याएवढा एक काळा दगड निवडला, बैलगाडीतून आणला आणि वळणावर, डांबराला लागून, उभा पुरला. वर शेंदूर फासला. मी विचारलं, "अगं, हे काय?"

"आक्का, इथं माणूस गेलाय हे कळाया नको? शेंदूर दिसला का डायवर रेसवरचा पाय काढतो. बोर्ड कोण वाचतंय!"

तिचं खरं होतं. त्या आधीच्या साली वळणावर तीन अपघात झाले होते, केरूभाऊचा धरून. दगड बसल्यावर पहिल्या वर्षभरात दोनच. आणि तिथंच सगळे फसले. तिनाचे शून्य झाले असते तर लोक विसरून गेले असते, नाहीतर चार झाले असते तर दगड कुणीतरी फेकून दिला असता. पण कमी झाले ना! मग दगडाला गुण आला.

एका टँकरवाल्याची गाडी घसरून बाभळीला टेकली आणि तो धडधाकट बाहेर आला. त्यानं तिथंच नारळ वाढवला. पुढच्या खेपेला दुसऱ्यानं लिंबू वाहिलं. केरूचा केरूबाबा झाला आणि सहा महिन्यांत केरोबा. जिवंतपणी ज्याला कुणी पारावर बसायला सरकून जागा दिली नाही, त्याच्यापुढं आता माणसं चप्पल काढून उभी.

आमच्यातला धोंडीराम पूर्वी ट्रक चालवायचा. गुडघे गेल्यापासून घरीच. मोकळा माणूस आणि नवा देव, जोडी जमायला वेळ लागत नाही. त्यानं ड्रायव्हर लोकांना धरून केरोबा मित्रमंडळ काढलं. पत्र्याचं छप्पर आलं, घंटा आली, भगवा झेंडा आला. दर अमावास्येला, आम्ही अवस म्हणतो, गाड्या वळणावरच उभ्या करायच्या, नारळ वाढवायचा, दहीभाताचा उतारा ठेवायचा आणि मागं न बघता निघायचं. मागं बघायचं नाही हा नियमच. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

कुसा द्राक्षाच्या विरळणीला बायकांची टोळी घेऊन जायची. पहाटे जाणार, दुपार कलल्यावर येणार. आली की वळणावर थांबून नवऱ्यापुढचा कचरा उचलायची. करवंट्या, लिंबं, पत्रावळी. तोंडानं चालूच: "घरात कधी ताट उचललं नाय, आता बाहेर बी मीच उचलू."

दुसऱ्या साली वळणावर सहा अपघात झाले. धोंडीराम म्हणाला, देव भुकेला आहे. मंडळानं अवसेला एकाचे दोन उतारे केले. तिसऱ्या साली अकरा. त्यात दोन जीव गेले. धोंडीराम म्हणाला, देवाला डोक्यावर नीट छत नाही, स्लॅबचं देऊळ बांधू. वर्गणी फिरली. आम्हीही दिली, खोटं कशाला बोलू.

त्या पौषातली गोष्ट. कुसाची नात पूजा स्कूटीवरून बिटको चौकाकडं कॉलेजला जायची. मुलगा आणि सून देवळाली कॅम्पला राहतात, ही आजीपाशी. तर एका सकाळी पूजा वळणावर पडली. उजवा हात मोडला, गालाची सालं निघाली. हेल्मेट होतं म्हणून डोकं राहिलं. हाताला प्लॅस्टर घालून घरी आणल्यावर बायाबापड्या भेटायला जमल्या. कुणी म्हणे नजर, कुणी म्हणे केरोबाला जाताना नमस्कार केला नसेल.

पूजा वैतागून म्हणाली, "अहो, कुत्रं आडवं आलं! तोंडात भाताचा गोळा होता त्याच्या. मागं आणखी दोन लागली होती. मी कुत्र्याला चुकवायला गेले आणि पडले. नमस्काराचा काय संबंध?"

सगळ्या हसल्या. कुसा हसली नाही. ती उठली आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसली. मी मागं गेले.

"आक्का, काल काय होतं?"

"अवस होती की."

"हं," म्हणाली, आणि वळणाकडं बघत बसली. कुसा गप्प बसली की मला भीती वाटते, कारण ती एरवी झोपेतही बोलते.

त्याच महिन्यात ज्योत्स्ना मॅडम आल्या. रस्त्याच्या खात्यात काम करणारी मुलगी, दर जानेवारीला यायची, वळणाचे फोटो काढायची, फीत लावून मोजायची. त्या वर्षी कागदांचा गठ्ठा घेऊन आमच्या ओट्यावर बसली. दमली होती.

"मावशी, काही कळत नाही बघा. बोर्ड लावला, चमकणारे खुंटे लावले, रस्त्यावर पांढरे पट्टे मारले. तालुक्यात बाकी ठिकाणी आकडे खाली आलेत. तुमच्या वळणावर तीन, दोन, सहा, अकरा. असं का?"

कुसा म्हणाली, "तारखा हायेत का तुमच्यापाशी?"

"आहेत ना. तारीख, वेळ, गाडीचा प्रकार."

"आक्का, कॅलेंडर काढ."

माझ्या स्वयंपाकघरात एका खिळ्यावर चार-पाच सालांची कॅलेंडरं एकावर एक टांगलेली असतात. म्हैस कधी फळली, सिलेंडर कधी लावला, सगळं मी त्यावर लिहिते, म्हणून जुनं टाकवत नाही. ती सगळी काढून ओट्यावर पसरली. मॅडम तारीख वाचायच्या, मी पान उलटायचे, कुसा बोट ठेवायची. अवसेच्या चौकोनात काळा गोल असतो, त्याला अक्षरओळख लागत नाही.

"सतरा तारीख."

"काळा गोल आदल्या दिवशी," कुसा म्हणाली.

"पुढच्या महिन्यात पंधरा."

"गोलावरच."

"सहा."

"ही कुठंच नाय. ही सोडा."

असं करत अकरातले सात निघाले अवसेचे नाहीतर अवसेच्या दुसऱ्या दिवशीचे. आधीच्या साली सहातले चार. दगड बसवायच्या आधीचे तीन मात्र कुठंही विखुरलेले. मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"म्हणजे गाड्या वळणावर थांबतात त्या दिवशी?"

"गाड्या थांबत्यात, त्यावर मागून येणारा आदळतो. गाड्या गेल्या का कुत्री येत्यात भाताला. नारळाचं पाणी सांडून डांबर निसटं होतं ते निराळंच." कुसानं कॅलेंडरावरून बोट काढलं. "मॅडम, मी वळणावर सावध करायला दगड लावला. त्याचं दुकान झालं."

मॅडमनी कागद गोळा केले. म्हणाल्या, "धार्मिक स्थळ हलवायचं तर आम्हाला वर लिहावं लागतं. समिती बसते. वर्ष-दोन वर्षं कुठं गेली नाहीत."

"अन् स्लॅब अक्षय्य तृतीयेला पडतोय."

"एकदा स्लॅब पडला की मग विसराच."

"घरच्यांनी उचललं तर?"

मॅडमनी पेनाला टोपण लावलं. "घरचा दगड घरच्यांनी नेला, तर त्याला परवानगी कसली लागते, मावशी?"

कुसा दुसऱ्या दिवशीच धोंडीरामाकडं गेली. मला बरोबर नेलं, कॅलेंडरांसकट. त्यानं सगळं शांतपणानं ऐकून घेतलं. सात काळे गोल पाहिले. आणि मांडीवर थाप मारून म्हणाला, "बघा वहिनी! मी काय म्हणू राहिलो होतो? अवसेलाच होतंय! म्हणजे बाधाच हाय ना! पत्र्याखाली देवाला ताकद पुरंना. स्लॅब पायजेच!"

मी आयुष्यात पुष्कळ माणसं पाहिली, पण पुरावा हातात दिल्यावर त्याचाच पाट करून त्यावर बसणारा तो एकटाच.

कुसा म्हणाली, "धोंडीभाऊ, माझी पूजा पडली."

"म्हणून तर! तिला वाचवलं कोणी? आजोबानंच ना!"

"हेल्मेटनं वाचवलं. ते बी आजोबानं घेतलं नव्हतं, मी घेतलं."

मग त्यानं शेवटचं अस्त्र काढलं. "बसवलेला देव कौलाशिवाय हलत नसतो. कौल लावू. देव हो म्हणाला तर मीच पहिला हात लावतो. नाय म्हणाला तर तुम्ही पुन्हा विषय काढायचा नाय."

"लाव कौल," कुसा म्हणाली. पुन्हा विषय काढायचा नाही, यावर मात्र तिनं हो म्हटलं नाही. मी नीट ऐकत होते. पण मुहूर्त नाही म्हणत धोंडीराम कौल पुढं पुढं ढकलत राहिला.

पूजाचा हात अजून गळ्यात होता आणि कॉलेजच्या परीक्षा जवळ आल्या होत्या. ती शेजारच्या मैत्रिणीच्या मागं बसून त्याच वळणावरून जायची. ती घरी येईपर्यंत कुसा ओट्यावर उभी. कामाला जाणं तिनं बंद केलं होतं. वळणावर देवळाचे खड्डे खणून झाले होते, सळया येऊन पडल्या होत्या. रस्त्याची कड त्यात आणखी चार हात गेली.

अक्षय्य तृतीयेला तीन दिवस होते. सकाळी नऊच्या सुमाराला सगळी वाडी वळणावर. मंडळाचे ड्रायव्हर आले होते. त्यांच्या गाड्या वळणावरच लावलेल्या, हे सांगायला नकोच. कुसाच्या टोळीतल्या सात बायका काम सोडून आल्या, डोक्याला फडकी बांधलेल्याच. धोंडीरामानं दगडाला पाणी घातलं आणि झेंडूच्या दोन पाकळ्या ओल्या शेंदरावर चिकटवल्या, एक उजवीकडं, एक डावीकडं. उजवी आधी पडली तर देवाचं हो, डावी पडली तर नाही.

मागून एक टँकर कर्णा वाजवत कसाबसा निघून गेला. सगळे डोळे पाकळ्यांवर. किती वेळ गेला कोण जाणे. धोंडीराम पुटपुटत होता. आणि डावी पाकळी गळून पडली.

"नाय म्हणला!" धोंडीराम ओरडला. घंटा वाजली. कुणीतरी जयजयकार केला. मला वाटलं, संपलं.

कुसा पुढं झाली. पदर खोचला. दगडाकडं बघून, नवऱ्याशी बोलावं तशी, म्हणजे चांगलं वाडीभर ऐकू जाईल अशी बोलली.

"नाय म्हणलास? नवीन काय केलंस? शेतात बोअर घेऊ म्हणले, नाय म्हणलास. मी घेतली, तू पाणी प्यालास. पोराला आयटीआयला घालू म्हणले, नाय म्हणलास. मी घातला, तू त्याच्या पगाराचे पेढे वाटलेस. सायकलला मागं लाल काच लावू म्हणले, त्याला बी नाय म्हणलास, अन् तेवढंच एक मी ऐकलं!" इथं तिचा आवाज फाटला. तिनं नाक पुसलं. "आता नाय ऐकणार. उठ."

आणि तिनं दगडाला मिठी घातली.

धोंडीराम आडवा आला. "वहिनी, देव कोपंल!"

"कोपला तर माझ्यावर कोपंल. बेचाळीस वर्षांची सवय हाय मला. तू बाजूला हो, तुला सवय नाय."

लोक हसले. हसले तेव्हाच मला कळलं की आता कुणी तिला अडवत नाही. तरी एक ड्रायव्हर पुढं आला, त्याच्या अंगावर टोळीतली शकुबाई गेली. शकुबाई म्हणजे शिडीवर न चढता द्राक्षाच्या मांडवाला हात पोचणारी बाई. ती नुसती त्याच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "काय भो, तुझ्या घरचं हाय का ते?" तो मागं झाला. बायकांनी पहारीनं दगड ढिला केला, पोत्यावर आडवा केला आणि ओढत निघाल्या. मी घंटा काढून घेतली. मला दुसरं काय उचलणार!

दगड कुसाच्या शेतात, रस्त्यापासून आत विहिरीच्या अंगाला नेऊन ठेवला. दुपारी धोंडीराम चौकीवर गेला, देव चोरला म्हणून. हवालदारानं विचारलं, "कुणाचा?" म्हणे केरूचा. "मग केरूच्या घरच्यांना पाठवा तक्रार द्यायला." कुसा गेली. म्हणाली, "माझ्या नवऱ्याचा दगड माझ्या रानात हाय. सापडलाय म्हणून लिवा." आणि आली परत.

आता सोपं झालं असं वाटेल. नाही झालं. पुढच्या अवसेला गाड्या आल्याच. देव नव्हता, पण सवय होती. काही जण चालत्या गाडीतून नारळ फेकून गेले, एक तर माझ्या पायापाशी आला. कुसा सकाळपासून तिथं काठी घेऊन उभी. गाडी थांबली की काच वाजवायची.

"इथं थांबायचं नाय. पुढं चला."

"आजी, केरोबा कुठं गेले?"

"रिटायर झाले. मी त्यांची बायको. मी सांगते ते त्यांनीच सांगितलं समजा. पाय ब्रेकवर ठेवा, पुढं वळण हाय, अन् भात टाकायचा नाय."

ज्यांना अगदी राहवत नव्हतं त्यांना ती वाडीत गाडी आत घ्यायला लावायची, शेतात पाठवायची. नारळ वाढवा, पण खोबरं तुम्हीच खा, करवंटी तुम्हीच न्या. अशा चार अवसा तिनं उन्हापावसात काढल्या. पाचव्या अवसेला तीनच गाड्या थांबल्या. कुत्री तर आधीच कंटाळून गेली होती. धोंडीरामाचं तिच्याशी बोलणं बंद होतं, पण चौथ्या अवसेला पाऊस आला तेव्हा न बोलता छत्री देऊन गेला. खड्डे त्यानंच बुजवले. सळया त्याच्या गोठ्याला लागल्या.

यंदाच्या जानेवारीत ज्योत्स्ना मॅडम कागद घेऊन आल्या. लांबूनच हसत होत्या.

"मावशी, तीन! अकराचे तीन. मयत एकही नाही. अवसेला एकही नाही. मी तुमचं वळण सगळ्यांना दाखवणार आहे, असं व्हायला पाहिजे म्हणून."

मी साखर आणायला उठले. धोंडीराम कुंपणापलीकडून कान देऊन होता. म्हणाला, "होणारच की. बाबाला मोकळ्यावर जागा मिळाली." कुसानं त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

"तीन कोण?" तिनं मॅडमना विचारलं.

"म्हणजे?"

"नावं काय त्यांची? कुठली?"

मॅडमनी कागद चाळला. तिघंही मोटारसायकलवाले. दोघं लांबचे, एक शेजारच्या वाडीचा, गोरक्ष नावाचा दूधवाला. कुसा म्हणाली, "चला, बघून येऊ." मॅडमना वाटलं गंमत करते आहे. तासाभरात आम्ही तिघी रिक्षातून गोरक्षच्या दारात उतरलो.

तो खाटेवर पाय लांब करून बसला होता, गुडघ्याला पट्टी. कुसानं कसं पडलास विचारलं. तो म्हणाला, "कुत्रं नाय, गाडी नाय, कोण नाय. सकाळी दव होतं. वळणावर ते पांढरे पट्टे हायेत ना, त्यावर चाक गेलं अन् सर्रकन गेलो. पट्टे लय गुळगुळीत हायेत मावशी. दुसऱ्यांचं बी तसंच झालं आसंल. आता दूधवाले सगळे पट्टा चुकवूनच जात्यात."

मॅडमचं तोंड उतरलं. पट्टे त्यांच्याच खात्यानं मारलेले. रिक्षात बसल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "खरखरीत रंगाचे पट्टे असतात, ते मारायला पाहिजेत. पण मावशी, आकडा एवढा खाली आलाय, आता वर कोण ऐकणार? म्हणतील, तीनच तर आहेत."

"तीनच?" कुसा म्हणाली. "त्या पोराला दोन महिने गुडघा वाकवता यायचा नाय. त्याला जाऊन म्हणा तीनच."

"मी लिहिते वर. पण वेळ लागेल."

"मॅडम, मी माझ्या देवाला उठवलं. तुमचे पट्टे काय देवापेक्षा मोठे हायेत का?" तिनं रिक्षावाल्याच्या पाठीला हात लावला. "वर म्हणजे किती वर? जिना असंल तर आक्काला धरून नेईन. पत्ता सांगा. रिक्षा हायेच."